सरांवर ओरडायचं कसं?

शिडाच्या होड्यांच्या शर्यतीत, निदान आमच्या धरणावर तरी, पाण्यात पंच नसतो. कुणी आपली वाट अडवली तर तिथल्या तिथे मोठ्याने ‘प्रोटेस्ट’ असं ओरडायचं आणि काठावर आल्यावर तक्रार लिहून द्यायची. एवढा एकच शब्द. तो माझ्या तोंडातून निघाला नाही, याचा मला अजून संताप येतो.

हंगामातली शेवटची शर्यत होती. प्रत्येक होडीत एक मोठा माणूस आणि एक मूल. पहिल्या येणाऱ्या होडीतल्या मुलाला मुंबईच्या प्रशिक्षण शिबिरात जागा मिळणार होती, आणि जागा एकच होती. माझी पंधरा वर्षांची मुलगी त्यासाठी वर्षभर दर रविवारी चौक गावाहून माझ्या मोटारसायकलवर मागे बसून यायची. मीही रसायनीच्या कारखान्यातली पाळी संपवून, डोळे चोळत तिला आणायचो. आमच्या तोडीची होडी एकच होती. सुकाणूवर माझे शाळेतले गणिताचे सर, आणि सोबत त्यांची नात.

ज्याच्या उजव्या अंगाने वारा येतो त्याला दुसऱ्याने वाट द्यायची, हा इथला पहिला धडा. खुणेसाठी पाण्यात तरंगत ठेवलेल्या शेवटच्या पिंपाला वळसा घालायला निघालो तेव्हा वारा माझ्या उजवीकडून होता. सर डावीकडचा वारा घेऊन आडवे आले ते सरकलेच नाहीत. धडक टाळायला मी सुकाणू ओढलं, शीड फडफडलं आणि आमची होडी जागच्या जागी थांबली. सर पुढे निघून गेले.

आणि मी ओरडलो काय, तर, “सर! अहो सर!”

“पप्पा, प्रोटेस्ट म्हना की!” मुलगी म्हणाली. ओरडायची मुभा तिलाही होती. तिने तोंड उघडलंसुद्धा, पण मीच दटावलं, “गप गं! सर हायत ते.”

आम्ही दुसरे आलो. मी तक्रार लिहिली. सुनावणीआधी मध्यस्थापुढे बसायचं असतं. तिथे फक्त दोघं सुकाणूवाले, साक्षीदार नाही. चूक कबूल केली तर थोडे गुण कापून मिटतं, नाहीतर सुनावणी होते आणि त्यात ज्याची चूक ठरते त्याची शर्यतच बाद. मुलीला पत्र्याच्या शेडबाहेर, दाराशी थांबावं लागलं.

मध्यस्थ मुंबईहून आलेल्या तरुण बाई होत्या. त्यांनी विचारलं, “तुम्ही काय ओरडलात?”

खोटं बोलता आलं असतं. पण समोर सर बसले होते.

“सर, असं.”

“प्रोटेस्ट नाही म्हणालात?”

“नाही.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. “मग ही तक्रार धरताच येणार नाही.” मग त्या सरांकडे वळल्या. “पण आपली चूक होती असं तुम्हाला वाटत असेल, तर शर्यत संपली असली तरी तुम्ही आपणहून ती सोडू शकता.”

सर चष्मा पुसत राहिले. “तक्रारच नियमात बसत नाही ना? मग झालं तर.”

माझं डोकंच फिरलं. याच माणसाने सहावीत, उत्तर बरोबर असूनही पायऱ्या लिहिल्या नाहीत म्हणून मला शून्य दिलं होतं. आताही उत्तर त्यांना पक्कं माहीत होतं, आणि पायरी माझीच राहिली होती.

बाहेर आल्यावर सरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “अरे, ओरडायचं होतंस ना. संकोच कसला?”

मला खूप काही बोलायचं होतं. शेडमध्ये बसल्यापासून मनात जुळवून ठेवलं होतं.

“हो सर,” मी म्हणालो.

मुलगी दारापाशीच उभी होती. तिने लाइफ जॅकेट काढून माझ्या हातात दिलं.

“काय बोलू नका, पप्पा,” ती म्हणाली. “सर हायत ते.”