नागपुरातली कुडाची भिंत

दि. २१ नोव्हेंबर २०२३ रोजी चिखल्याच्या बेबीबाई मरसकोल्हे यांच्या खात्यात अठरा हजार चारशे रुपये जमा झाले. तुमसरच्या आमच्या पतसंस्थेत त्यांचं खातं जुनं, पण बाहेरगावाहून रक्कम येण्याची ही पहिलीच वेळ. नागपूरच्या एका कलासंस्थेनं आदिवासी चित्रांच्या प्रदर्शनासाठी त्यांच्याकडे एक मोठं चित्र मागितलं होतं, त्याचे हे आगाऊ पैसे.

बेबीबाईंचे मालक खाणीत कामाला. खाणीच्या कॉलनीतल्या क्वार्टरच्या मागच्या भिंतीवर बेबीबाई दर वर्षी मोर, हरणं, मोहाचं झाड काढतात. त्या कलासंस्थेत काम करणारा भुपेंद्र उइके, तोही बेबीबाईंसारखा गोंडच, ती भिंत पाहून गेला आणि कॅनव्हास देऊन गेला.

बेबीबाईंच्या घराण्यात रीत अशी, की लग्नाच्या भिंतीवर घरच्या बाईनं रेघ ओढायची आणि सोयऱ्यांकडच्या बायांनी ती ठिपक्यांनी भरायची. एकटीचं चित्र अर्धंच धरतात. घरोघरी टाइल्स आल्या, तशी ही बोलावणी थांबली आणि येणं-जाणंही तुटलं. नणंद विमलाबाई आंधळगावला दिलेली, तिची भेट मयतीलाच व्हायची. बेबीबाईंना चित्रापेक्षा हेच लागून होतं. कॅनव्हास घेऊन त्या आंधळगावला गेल्या. आता हात वळत नाही म्हणून विमलाबाईंनी आधी टाळलं, मग तीन जावांना हाक मारून स्वतःच पुढे बसल्या.

चूक इथेच झाली. भिंत सारवल्याशिवाय तिच्यावर काही काढत नाहीत, म्हणून त्यांनी कॅनव्हासही शेण आणि पांढऱ्या मातीनं सारवला. वाळल्यावर चित्र सुरेख दिसलं. ते गुंडाळून, नळीत घालून नागपूरला पाठवलं. तिथे नळी उघडली तर कापड जवळजवळ कोरं आणि टेबलावर मातीचे पोपडे.

फोन आला तेव्हा विमलाबाई चिखल्यालाच मुक्कामाला होत्या.

"वयनी, भित कोनी गुंडाळते काय?" म्हणून त्या हसल्या, आणि लगेच पिशवी भरायला लागल्या. जावांना काय सांगू, आता त्या पुन्हा हात लावत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. बेबीबाईंनी त्यांना थांबवलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्या पैसे परत करायला आमच्याकडे आल्या. आधी भुपेंद्रला विचारून घ्या म्हटलं आणि फोन लावून दिला. पैसे राहू द्या, असं तो म्हणाला. नवीन कॅनव्हास, तयार रंग, राहण्याची सोय, सगळं देतो; तुम्ही एकट्या या.

बेबीबाई बोलल्या. "कपडा नोको, बापू. तिथं हॉलात कुडाची भित उभी कर. आमी पाची जनी येतो."

"काकी, मंजुरी एकाच कलाकाराची आहे."

"मंग अर्धंच चित्र भेटन तुले."

त्याचा होकार यायला तीन दिवस लागले. जाण्या-येण्याचं भाडं मात्र एकीचंच मिळणार होतं. बेबीबाईंनी त्याच दिवशी आंधळगाव गाठलं आणि या वेळी भिंतच आहे, गुंडाळायची नाही, असं सांगून विमलाबाईंना, जावांना घेऊनच परतल्या.

नागपुरात बांबूचा कूड बांधून मातीनं लिंपून ठेवला होता. पाच जणींनी चार दिवस काम केलं. बेबीबाईंची रेघ, बाकीच्यांचे ठिपके. मोराची मान वाकडी झाली म्हणून विमलाबाई सगळ्यांसमोर वहिनीला बोलल्या, आणि मान पुसून पुन्हा काढावी लागली. बघायला आलेल्या गोंड बायांपैकी काहींनी पदर खोचून मातीत हात घातला. पाटीवर पाच नावं लागली आणि खाली चिखला, आंधळगाव ही दोन गावं.

एप्रिलमध्ये विमलाबाईंच्या पुतण्याचं लग्न झालं. त्यांनी पडवीतली एक भिंत मुद्दाम मातीनं लिंपून घेतली, स्वतः रेघ ओढली आणि भरायला चिखल्याहून बेबीबाईंना बोलावलं. त्या कॉलनीतल्या दोन बाया सोबत घेऊन गेल्या.

नागपूरच्या जीपचं उरलेलं भाडं विमलाबाईंनी भरलं होतं. त्यातले दोनशे चाळीस रुपये बेबीबाईंकडून अजून येणे आहेत.