दाराबाहेरचे फोन

आठवण आली की "कुठे आहेस?" असंच तुम्हीही विचारता ना? माझी ताई नौदलाच्या एका कमांडमध्ये आहे. शत्रूचे संदेश टिपणाऱ्या आणि आपले जपणाऱ्या तुकड्या तिथून चालतात. तिला भेटायला गेलो, तर दाराबाहेर फोन ठेवायचे कप्पे होते. मीही माझा ठेवला. शेजारच्या कप्प्यात कुणाच्या तरी फोनवर 'आई' हे नाव उजळत होतं, विझत होतं.

आमची आई म्हणते, "सगळ्या दर्याचं ऐकतेस, माझंच तेवढं नाही." ताई हसते. "जेवलीस का, ते विचार गं. जहाज कुठे निघालंय, ते नको."

फोनवरचं बोलणं शत्रूही टिपत असतो; आईच्या मायेतूनही जहाजाचा माग लागू शकतो. तुमचं कुणी समुद्रावर असेल, तर आज फक्त जेवणाचं विचारा, आणि उत्तराची वाट पाहा.