मानाचा मॉनिटर

ऑफिसात त्यांना पाठीमागे सगळे रुबाबराव म्हणायचे आणि तोंडावर दादा. हुद्दा साध्या कारकुनाचा, पण चाल अशी की नवखा शिपाई उठून उभाच राहावा. त्या ऑफिसात माणसाची पत टेबलावरच्या मॉनिटरवरून ठरायची. एकवाला पोट भरायला आलेला, दोनवाला हुशार, आणि तीन फक्त विभागप्रमुखांना. काम म्हणाल तर आलेल्या पत्रांना उत्तरं टाइप करायची. त्याला एक मॉनिटरही जास्तच होता!

विभागप्रमुख निवृत्त झाले. नवे मोठे साहेब सोमवारी चक्कर मारून, कोण कसं काम करतं ते बघून त्या जागी माणूस निवडणार, असं कळलं. रुबाबरावांनी घरी सांगून टाकलं, "खुर्ची आपलीच समज!" बायकोने लगेच बहिणीला फोन लावला. बहिणीचा नवरा दुसऱ्या ऑफिसात साहेब होता, आणि लग्न झाल्यापासून हे साडू दर जेवणात ते ऐकवत आले होते. आता माघार घ्यायची सोय उरली नाही.

सोमवारी रुबाबराव सगळ्यांच्या आधी आले. रिकाम्या टेबलावरचे दोन मॉनिटर उचलून आपल्या जुन्या मॉनिटरच्या दोन बाजूंना मांडले. सीपीयूच्या मागे खाली ग्राफिक्स कार्डाची आडवी पट्टी होती, तिच्यात वायरी लावायला चार खाचा. वरती मशीनची स्वतःची एकच खाच. बाजूच्या दोघांच्या वायरी त्यांनी खाली कार्डात लावल्या. पण मधला पडला मुख्य, मानाचा. त्याची वायर खाली लावणं शोभतं का? ती त्यांनी वर खुपसली.

बाजूचे दोन्ही लखलखले. मधला काळा ठिक्कर.

"अहो दादा, कार्ड बसवलं की वरची खाच बहुतेक बंदच असते," शेजारची टायपिस्ट ताई म्हणाली. "तिन्ही वायरी खालीच लावा."

"ताई, पायरी ओळखून बोलावं माणसाने," रुबाबराव म्हणाले. मग वायर काढली, फुंकली, परत वरच लावली. मॉनिटरला दोन चापट्या दिल्या. मशीन बंद करून चालू केलं. मेला ढिम्म! आज नाक कापणार हा, असं पुटपुटत ते घामाघूम झाले.

एवढ्यात जिन्यात बूट वाजले. रुबाबरावांनी मान गुंडाळून ठेवला, टेबलाखाली शिरले आणि वायर कार्डात लावली.

"आला दादा, आला उजेड!" ताई ओरडली. त्याच वेळी चकचकीत बूट टेबलापाशी येऊन थांबले.

"वा, तिन्ही चालू! इथे कोण बसतं?"

रुबाबराव घाईने उठायला गेले आणि डोकं फाडकन टेबलाला आपटलं. साहेबांनी वाकून बघितलं. केसांत जळमटं, हातात वायरींचा गुंता.

"अच्छा, वायरमन का! इथलं झालं की केबिनमध्ये या. माझाही एक मॉनिटर लागत नाही."

साहेब, ही खुर्ची माझीच आहे, असं म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, "हो साहेब." त्यांना स्वतःचीच इतकी चीड आली की रडूच यायचं बाकी होतं.

साहेब पुढे सरकले. समोरच्या टेबलावर डुलकीमामा आपल्या एकुलत्या मॉनिटरसमोर हनुवटीला हात लावून नेहमीसारखे झोपले होते. साहेबांना ते चिंतन वाटलं. "हा खरा काम करणारा माणूस! जागेवर आहे, आणि एकातच भागवतो." झालं. विभागप्रमुख झाल्याचं सांगायला मामांना गदागदा हलवावं लागलं.

केबिनमध्ये साहेबांची वायरही वरच्याच खाचेत होती. रुबाबरावांनी टेबलाखाली शिरून ती खाली लावून दिली. "मीच लावली होती," साहेब ओशाळून म्हणाले. "म्हटलं, आपली वर असावी."

संध्याकाळी बायको दारातच उभी. "काय झालं हो?"

"साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं होतं."

"अगं बाई! बराच वेळ होतात?"

"होतो की." टेबलाखाली, एवढाच शब्द त्यांच्या तोंडून निघेना. तोवर तिने बहिणीला फोन लावलासुद्धा होता.