‘नाही’च्या रकान्यातली उभी रेघ

माझा पुतण्या अजूनही चारचौघांत सांगतो की, रक्तपेढीच्या समुपदेशक बाईंनी भर शिबिरात मला माझे गुपित फोडायला लावले. त्याच्या सांगण्यात मी बिचारा ठरतो आणि गावाला ते सोयीचे वाटते. मला ते मान्य नाही. बिचारा म्हणवून घेण्यासाठी मी चौतीस वर्षे फळ्यापुढे उभा राहिलो नाही.

सेनगाव तालुक्यातल्या आमच्या गावी दरवर्षी शाळेच्या व्हरांड्यात रक्तदान शिबिर भरते. ते मी सुरू केले. पहिली पिशवी माझी, मग नारळ, मग बाकीचे दाते, हा शिरस्ता. अर्जही मीच भरून देत असे. कावीळ झाली होती का, गोंदवून घेतले का, परस्त्रीशी संबंध आला का, हे प्रश्न जाणत्या माणसांना लेकीसुनांदेखत विचारणे मला अशिष्ट वाटे. म्हणून ‘नाही’च्या रकान्यातून वरून खाली एकच उभी रेघ ओढण्याची रीत मी पाडली. एका वर्षी माझ्या स्वतःच्या अर्जावरही तीच रेघ ओढली. त्याच उन्हाळ्यात झालेली कावीळ उतरली होती; ती मी हिशेबात धरलीच नाही.

पंधरवड्याने हिंगोलीच्या रक्तपेढीतून बोलावणे आले. बाईंनी दार लावून घेतले आणि सांगितले की, माझ्या रक्तात ‘ब’ काविळीचा विषाणू सापडला आहे, पिशवी नष्ट केली आहे, यापुढे मला रक्त देता येणार नाही. पत्नीची तपासणी झाली. ती निर्दोष निघाली, तिला लस टोचली. तिच्याखेरीज मी कोणाला काही बोललो नाही. रक्तातला दोष म्हटला की गाव त्याचे मूळ कुठे शोधते, हे मला ठाऊक होते.

पुढच्या वर्षी शिबिराच्या दिवशी मी गावाबाहेर जायचे ठरवले होते. पुतण्याने मला एसटीच्या थांब्यावरून मोटारसायकलवर बसवून परत आणले.

“काका, नारळ वाट पाहून राहिला. लोकं खोळंबलेत.”

“आज न्हाई जमणार मला,” मी म्हणालो.

“काहून गुरुजी?” तांड्यावरचा माझा एक जुना विद्यार्थी ओरडला. “छडी खायला आमाला हात पुढं करायला लावायचे. आज तुमचा हात करा की पुढं!”

व्हरांडाभर हशा पिकला. मी खाटेवर आडवा झालो, कारण उभे राहून नकार देण्याचे धैर्य माझ्यात नव्हते. पुतण्याने माझी बाही दुमडली. चहूबाजूंनी चेहरेच चेहरे होते. एक विचार असाही आला की द्यावे रक्त. तपासतील आणि फेकून देतील, कोणाला कळणार आहे?

तेवढ्यात बाई जवळ आल्या. लांबून पाहणाऱ्यांनी एवढेच पाहिले की, त्या वाकल्या आणि मी उठलो. त्यांनी माझ्या कानात काय म्हटले ते ऐका: “गुरुजी, बीपी वाढलंय असं सांगू का?”

मी मान हलवणारच होतो. पण पुतण्याच्या हातातला अर्जांचा गठ्ठा माझ्या डोळ्यांसमोर होता. वरचा अर्ज माझा, मी नसताना त्याने माझ्याच रीतीने भरलेला, उभ्या रेघेचा. खालच्या प्रत्येक अर्जावरही तीच रेघ. माझ्या हाताचे वळण त्याने हुबेहूब उचलले होते.

मी उठून बसलो, पेन मागितले आणि माझ्या अर्जावरची रेघ खोडली. काविळीपुढे ‘होय’ लिहिले. मग मोठ्याने म्हणालो, “माझं रक्त चालत न्हाई. कावीळ आहे त्यात. आन् हे सगळे अर्ज फाडा.”

पुतण्या पुटपुटला, “काका, चारचौघांत काहून?” मी नवे कोरे अर्ज घेतले आणि बाईंसाठी चौथीचा वर्ग उघडून दिला. एकेक माणूस आत जाई आणि दार लागे. त्या दिवशी दोन जण बाहेर येऊन, दुमडलेली बाही खाली सोडत, घरी गेले. त्यांनी ‘होय’ कशापुढे लिहिले, हे बाईंनी मला सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.

नारळ त्या वर्षी दुसऱ्याच्या पिशवीवर फुटला. तो फुटेपर्यंत मी व्हरांड्यात, बाही दुमडलेलीच ठेवून, उभा होतो.