सतरा गावांचे वऱ्हाडी

आमच्या शेजारच्या राजेसाहेबांइतकी लग्नं जेवलेला माणूस हिंगोली जिल्ह्यात दुसरा नसेल, हे मी जबाबदारीने लिहितो. मागच्या अक्षय तृतीयेला एका दिवसात आम्ही नऊ लग्नं केली. प्रत्येकी एकशे एक रुपये आहेर, एकूण नऊशे नऊ. हजर: राजेसाहेब, मी आणि माझी मोटारसायकल. आहेर त्यांचा, पेट्रोल माझं, आणि नऊ ठिकाणचं वरण दोघांचं.

त्यांचं घराणं म्हणजे निजामाच्या छत्राखालचं सतरा गावांचं लहानसं संस्थान. संस्थान गेलं, जमीन कायद्यात गेली, गढीची पांढरी माती लोकांनी आपापल्या घरांच्या धाब्यांवर टाकायला नेली. राजेसाहेब पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त झाले आणि आमच्या गल्लीत दोन खोल्यांत राहायला आले. बरोबर आणला तो एक मान. त्या सतरा गावांत कुणाचंही लग्न ठरलं की पहिली पत्रिका औंढ्याच्या नागनाथाला आणि दुसरी राजेसाहेबांना. "राज्य म्हून आता येवढंच राह्यलंय बघा," ते म्हणतात, "पोरीच्या डोक्यावर अक्षता टाकायच्या अन् बाप रडायला लागला की त्याच्या पाठीवर हात ठिवायचा." ते स्वतःला 'आमी' म्हणतात, पण आमच्याकडे पानटपरीवालाही 'आमी'च म्हणतो, त्यामुळे त्यांचं राजेपण बोलण्यावरून कुणाच्या ध्यानात येत नाही. ते ध्यानात येतं फेट्यावरून. मंडपात डेकोरेशनवाला बांधतो तो फेटा त्यांना चालत नाही. घरून आरशासमोर पाऊण तास खपून बांधलेला केशरी फेटा घालून ते माझ्या मागे बसतात, आणि वारंगा फाट्यापर्यंत त्याचा शेमला माझ्या तोंडावर फडफडत राहतो. एका दसऱ्याला पूजेची तलवार घेऊन ते एसटीत चढले. कंडक्टर म्हणाला, "राजेसाहेब, हिचं लगेज लागतंय." राजेसाहेबांनी तलवार उभी मांडीवर घेतली आणि म्हणाले, "लेकरू हाय. पाच वर्षांच्या आतलं." कंडक्टरने कपाळाला हात लावला आणि डबल बेल दिली.

त्यांच्या सतरा गावांतलं एक गाव सिद्धेश्वर धरणाच्या पाण्याखाली आहे. मी आकड्यांचा माणूस. मी म्हटलं, मग सोळा धरा. ते रागावले. "बुडालं म्हंजे गेलं न्हाई. मानसं वर येऊन राह्यली ना? त्यांच्या पोरींची लग्नं होतात ना? मंग?" त्या गावचे लोक आता चार ठिकाणी पांगले आहेत आणि चारही ठिकाणांहून पत्रिका येतात. म्हणजे हिशेबाने वीस गावं झाली. हे मी त्यांना सांगितलेलं नाही. पेट्रोल माझं आहे.

एवढं सगळं असून एक गोष्ट त्यांना सलत होती. शिरड शहापूरच्या पुढे त्यांच्याच सतरातलं एक गाव आहे. त्या गावच्या बौद्धवस्तीतून त्यांना कधीही पत्रिका आली नाही. इतर गावांतल्या बौद्ध घरांतून येत, या एका वस्तीतून नाही. दर हंगामात पत्रिकांचा गठ्ठा माझ्यासमोर ठेवून ते विचारत, "तिकडून काई आलं का?" मी नाही म्हणालो की गठ्ठ्याला दोरा बांधत. काहून येत नसेल, असं मी एकदा विचारलं. "आमच्या आज्याच्या काळात काईतरी झालं म्हन्तात," म्हणाले आणि चहा न पिता उठले. बोलावल्याशिवाय ते जाणार नव्हते, आणि बोलवा म्हणायला त्यांना तोंड नव्हतं. वय शहात्तर. "सतरातलं एक ऱ्हाऊन चाललं," एवढंच म्हणत.

यंदा त्यांच्या पायाला जखम झाली. साखर असल्यामुळे ती भरेना. तीन आठवडे मी त्यांना रोज सरकारी दवाखान्यात ड्रेसिंगला नेत होतो. तिथल्या सिस्टर तोंडाने फटकळ, हाताने हलक्या. "बाबा, लग्नात गोड खाता की नाही, खरं सांगा," असं विचारून राजेसाहेबांना गप्प करणारं दुसरं माणूस मी पाहिलेलं नाही. शेवटच्या दिवशी त्या वॉर्डात लेकीच्या लग्नाच्या पत्रिका वाटत होत्या. वॉर्डबॉयला, पेशंटला, पेशंटच्या नातेवाइकांना. आम्हालाही एक मिळाली. "या बाबा. जिलेबी मिळणार नाही तुम्हाला, पण या." राजेसाहेबांनी पत्ता वाचला आणि पत्रिका माझ्यापुढे धरली. गाव तेच. वस्ती तीच.

मी कौतुकाने सांगायला गेलो, "सिस्टर, हे म्हणजे साक्षात..." तेवढ्यात राजेसाहेबांनी दुखऱ्या पायाने माझा पाय दाबला. बाहेर आल्यावर म्हणाले, "तिनं बाबाला बोलावलंय. राजाला बोलावलं असतं का, ते आपल्याला ठावं न्हाई. गप ऱ्हावा."

लग्नाच्या दिवशी फेटा न बांधता निघालेले राजेसाहेब मी पहिल्यांदा पाहिले. एरवी घरातही डोक्यावर टोपी असते, त्यामुळे टक्कल पडलेलं आहे हे मला अठरा वर्षांच्या शेजारानंतर कळलं. मंडपात कुणी उठून उभं राहिलं नाही, कुणी पुढची खुर्ची झाडली नाही. वंदना झाली, फुलांच्या पाकळ्या वाटल्या गेल्या. राजेसाहेबांनी सवयीने खिशातून काढलेले तांदूळ परत खिशात टाकले आणि ओंजळीत पाकळ्या घेतल्या. मग पंगत बसली. पहिला घास हातात असताना समोर पांढऱ्या लुगड्यातल्या एक आजी येऊन थांबल्या. सिस्टरच्या आई.

"तुमी गढीवरचे न्हव?"

राजेसाहेबांनी घास खाली ठेवला. "व्हय."

"नाक तेच हाय. माझ्या थोरल्या बहिणीच्या लग्नाचं आवतण घेऊन माझा बाप तुमच्या आज्याच्या दारी आलता. मी त्याच्या बोटाला व्हते. सकाळधरनं दिवस कलंस्तोवर उन्हात उभं केलं आमाला. मंग सांगून धाडलं, सायेब झोपलेत. त्या दिसापासून आमच्यातनं गढीवर कुणी गेलं न्हाई."

राजेसाहेब उठायला लागले. दुखऱ्या पायामुळे त्यांना चटकन उठता येईना.

"बसा," आजी म्हणाल्या. "मी जा म्हणलं का? जेवल्याबिगर आमच्यातनं कुणी जात नसतं. ए, बाबाला वरण वाढा!"

ते बसले. मान वर न करता जेवले, आणि पानात काही टाकलं नाही.

पत्रिकेवर छापलेलं होतं की आहेर आणू नये, इच्छा असल्यास वस्तीतल्या अभ्यासिकेला मदत करावी. मंडपाच्या तोंडाशी एक मुलगी टेबल मांडून पावत्या फाडत होती. राजेसाहेबांनी पाचशेची नोट आणि एक रुपया ठेवला. "आमच्या आज्याच्या नावानं फाडा," हळूच म्हणाले.

आजी मागेच उभ्या होत्या. "त्याच्या नावानं काहून? तो आलता का लग्नाला?" मुलीकडे वळून म्हणाल्या, "आला त्याच्या नावानं फाड."

मुलीने पेन उघडून नाव विचारलं. राजेसाहेबांनी सांगितलं, वडिलांच्या नावासकट, शाळेत हजेरीला सांगावं तसं. तिने तेवढंच लिहिलं. पुढे राजे नाही, मागे साहेब नाही. पाचशे एक रुपये, अभ्यासिकेला, रोख मिळाले. पावती त्यांनी दोनदा वाचली आणि माझ्याकडे न देता स्वतःच्या खिशात, तांदळात ठेवली.