खोकल्यासकट गाणं

आमच्या वन्संना प्राध्यापकपद मिळालं नाही. नातेवाईक हे आवाज खाली करून सांगतात, जणू घरात काहीतरी लाजिरवाणं घडलं आहे. मी मोठ्याने सांगते. मिळालं नाही, कारण त्यांनी एका कागदावर सही केली नाही. बरं केलं.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची धाकटी बहीण. मी लग्न होऊन आले तेव्हा त्या संगीतात एम.ए. करत होत्या. घरात त्यांना ‘टीपकागद’ म्हणत, कारण आसपासचा कुठलाही आवाज त्यांच्यात मुरायचा. गळा चांगला होता. सगळ्यांना वाटलं, गातील. त्यांनी पीएच.डी.ला विषय घेतला तो मात्र भलताच. गाणं चालू असताना समोर बसलेली माणसं काय काय आवाज करतात? खोकला, खुर्चीची करकर, मध्येच निसटलेलं ‘वा’, उशिरा आलेल्याने ओढलेलं दार. मार्गदर्शक म्हणाले, खुर्च्यांवरच लिहायचं तर सुताराकडे जा. सासूबाईंनी कपाळाला हात लावला. मला तर कॉन्व्हेंट शाळेत सिस्टरांनी प्रार्थनेच्या वेळी खोकला गिळायला शिकवलं होतं. वन्संचा विषय ऐकून माझ्या घशात उगाच खवखवलं.

त्यांची कामाची एक रीत होती. कुठेही ध्वनिमुद्रण करायचं तर आधी त्या जागेची शांतता टिपायची. प्रत्येक खोलीची शांतता निराळी असते, असं त्यांचं म्हणणं. आमच्या स्वयंपाकघराची टिपली तेव्हा फ्रिज बंद, पंखा बंद, सगळे श्वास धरून उभे, आणि नेमकी आमच्या ह्यांना उचकी लागली. वन्संनी ती पुसू दिली नाही. दादा घरात असताना ही खोली अशीच वाजते, म्हणाल्या. हे आठवडाभर ऐटीत होते.

पुढे विद्यापीठाच्या संगीत विभागात त्या रीडर झाल्या, म्हणजे प्राध्यापकाच्या एक पायरी खाली. तिथल्या सभागृहात वर्षानुवर्षं झालेल्या कार्यक्रमांच्या टेप तळमजल्यावरच्या एका खोलीत होत्या, आणि ती खोली वन्संच्या ताब्यात होती. मग नवे विभागप्रमुख आले. वन्संचाच जुना विद्यार्थी, टापटिपीचा माणूस, मनाने वाईट मुळीच नाही. त्यांनी खटपट करून सगळ्या टेपांच्या संगणकावर प्रती करवून घेतल्या. काम करणाऱ्यांनी आपल्या समजुतीने त्या धुऊनही काढल्या. खरखर गेली, खोकले गेले, दाद गेली. गाणारा कुठे अडखळला असेल तर तेवढा भाग कापून पुढचं मागच्याला बेमालूम जोडलं. प्रमुख हरखले. आता टेप टाकून द्यायच्या आणि ती खोली संगणकांना द्यायची. फक्त प्रती संपूर्ण आहेत, अशी वन्संची सही हवी होती. प्राध्यापकपदासाठी त्यांचं नाव त्याच सुमाराला वर जायचं होतं, आणि ते पाठवायचं होतं प्रमुखांनीच.

वन्सं सही करेनात, तेव्हा प्रमुख बिस्किटांचा पुडा घेऊन घरी आले. चहा घेतला, माझ्या गुडघ्यांची चौकशी केली, मग विषयावर आले.

“मॅडम, गाणं तर सगळं आहे ना त्यात?”

“गाणं आहे. ज्यांच्यासमोर गायलं ती माणसं कुठायत?”

“माणसांचं काय, मॅडम. खोकत होती.”

“हो ना. मी त्यावरच पीएच.डी. केली. तू माझ्या वर्गात पहिल्या बाकावर होतास.”

प्रमुखांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांचीच बिस्किटं त्यांच्यापुढे सरकवली.

वन्सं नुसत्या नाही म्हणून थांबल्या नाहीत. विभागातल्या ध्वनितंत्रज्ञ बाईंना घेऊन त्या बसल्या. मूळ टेपमधून धुतलेली प्रत वजा करायची आणि जे उरेल तेवढंच ठेवायचं. मग त्याच सभागृहात त्यांनी कार्यक्रम जाहीर केला. निमंत्रणावर छापलं होतं, गाणं होणार नाही. व्यासपीठ रिकामं होतं, स्पीकर प्रेक्षकांच्या खुर्च्यांवर मांडले होते आणि आम्ही त्यांच्यामध्ये बसलो. माझ्या शेजारची खुर्ची खोकली. मागून कोणीतरी कागद चुरगाळला. लोक आधी हसले, मग कान देऊन ऐकू लागले.

मध्येच एका नावाजलेल्या वृद्ध गायकाचा कापलेला भाग लागला. ओळ अर्ध्यावर तुटते. मग त्या वेळच्या प्रेक्षकांतून एक बाई हलकेच ती ओळ गुणगुणते, आणखी दोघे तिला मिळतात. “हां, हेच,” गायक म्हणतात. हशा होतो आणि ते पुढे गातात. एवढंच. माझ्या पुढच्या रांगेत प्रमुख मान खाली घालून बसले होते. धुतलेली प्रत ऐकून त्यांनी नुकताच लेख लिहिला होता, की या गायकाची स्मरणशक्ती म्हातारपणीही एकदासुद्धा चुकली नाही.

बाहेर आल्यावर ते वन्संना म्हणाले, “हे कुणाला कधी कळलंच नसतं.”

“म्हणूनच सही करत नाही.”

प्रमुखांनी लेख मागे घेतला, तेवढा प्रामाणिकपणा त्यांच्यात होता. पण संगणक येऊन पडले होते, त्यांना जागा हवीच होती. टेप ठेवायला दुसरी खोली नाही, असं त्यांनी सांगितलं. वन्सं म्हणाल्या, आहे की, माझी. स्वतःच्या खोलीतलं टेबल त्यांनी जिन्याखालच्या बोळात आणून टाकलं, पुस्तकं घरी पाठवली, आणि जमिनीपासून छतापर्यंत टेप रचल्या. त्यांचं नाव वर गेलं नाही. जागा बाहेरून आलेल्या माणसाने भरली.

मी एकदा डबा द्यायला गेले, तर विद्यार्थी त्यांच्या टेबलाला वळसा घालून जिना चढत होते. माझ्या जिवाला लागलं. “वन्सं, एक सही केली असती तर?”

“तर मी प्राध्यापक झाले असते, वहिनी. शिकवलं काय असतं?”

निवृत्त होईपर्यंत त्या त्याच बोळात बसल्या. आजही त्या आत शिरल्या की विभागात लोक उठून उभे राहतात की नाही, मला ठाऊक नाही. त्यांच्या खोलीत टेप मात्र अजून उभ्या आहेत. खोकल्यासकट.