सरांचा क्लोजअप

परदेशात राहिलेला नट म्हटलं की आपल्याकडे लोकांचे डोळे मोठे होतात. म्हणून आधीच सांगून टाकतो. टोरांटोत वीस-बावीस वर्षं मी जी कामं केली त्यात तीन वेळा मेलो, पाच-सहा वेळा टॅक्सी चालवली आणि एकदा दहशतवादी नंबर दोन होतो. नंबर एकला वाक्यं होती, मला नुसतं त्याच्याकडे बघायचं होतं. टॅक्सीवाल्याला "कुठे जायचं?" एवढं तरी असायचं, पण तेही म्हटलं की दिग्दर्शक सांगायचा, जरा आणखी परदेशी बोल. मी नगरकडच्या तिसगावचा गडी, माझं इंग्रजी आधीच मोडकं, ते आणखी काय मोडणार, कपाळ? तरी मोडलं. रोल हातचा जाऊ नये म्हणून सांगतील तसं बोललो.

नट म्हणून कुणी विचारेना, म्हणून दिग्दर्शक झालो. यात काही थोरपणा नाही. दोन सिनेमे केले. पहिला एका महोत्सवात लागला तेव्हा थिएटरात नऊ माणसं होती, त्यातली चार आमचीच आणि एक झोपलेला. दुसरा कुठेच लागला नाही. तिसरा मराठीत करायचा, आपल्या जिल्ह्यात जाऊन करायचा असं ठरवलं. गोष्ट साधी, घर सोडून गेलेला मुलगा बऱ्याच वर्षांनी म्हाताऱ्या बापाकडे परत येतो. निर्मात्यांना मी मातीची ओढ, मुळं वगैरे बरंच काही ऐकवलं. सगळ्या थापा. तो सिनेमा मी एका माणसासाठी लिहिला होता आणि त्यातल्या एका वाक्यासाठी.

तो माणूस म्हणजे आमचे सर. नगरच्या एका शाळेत मराठी शिकवायचे आणि शाळा सुटली की हौशी पोरं जमवून नाटक बसवायचे. कॉलेजला असताना मी तिथे गेलो. पहिल्या दिवशी त्यांनी मला स्टेजवर नुसतं उभं केलं. दहा मिनिटं झाली तरी मला हात कुठे ठेवावेत कळेना. सर म्हणाले, याला खोटं वागता येत नाही, याच्याकडून काम करून घेता येईल. स्टेजवर त्यांची भाषा अगदी स्वच्छ, पण घरी गेले की पारनेरची बोली. काकू, म्हणजे त्यांच्या मंडळी, मला चार वर्षं जेवू घालत होत्या. उगाच सांगत नाही, त्या घरात माझी हक्काची वाटी होती.

मग आमच्या एका नाटकाला बक्षीस मिळालं आणि टोरांटोतल्या मराठी लोकांनी दोन प्रयोगांसाठी आम्हाला बोलावलं. सर आणि आम्ही अकरा जण निघालो. व्हिसाच्या वेळी सरांनी सहीनिशी लिहून दिलं की अकराच्या अकरा परत येतील, जबाबदारी माझी. विमानात ते सारखे आमची डोकी मोजत होते आणि आम्ही त्यांची चेष्टा करत होतो.

प्रयोग झाले. टाळ्या पडल्या. एका बाईने मला सांगितलं की तुम्ही इथे असता तर कुठल्या कुठे गेला असता. तेवढं पुरे झालं मला. मी समजलो की सगळं शहर माझीच वाट बघत बसलंय. परतीच्या दिवशी विमानतळावर सगळ्यांचे पासपोर्ट सरांच्या कापडी पिशवीत होते. मी म्हणालो, दुकानात काहीतरी घ्यायचंय, पासपोर्ट दाखवावा लागतो म्हणे. त्यांनी काढून दिला. वर म्हणाले, हरवू नको बाबा, लवकर ये. मी दुकानाच्या बाजूला वळलो, मग काचेच्या दारातून बाहेर पडलो आणि बसमध्ये बसलो. खोटं कशाला बोलू, आनंद झाला होता.

पुढचं मला हळूहळू कळलं. सर विमानतळावरच्या संडासांची दारं ठोठावत फिरले. त्यांना वाटलं मला चक्कर आली असेल. दहा जणांना विमानात बसवून ते स्वतः शेवटी चढले. घरी आल्यावर चौथ्या दिवशी एसटीने तिसगावला माझ्या आईकडे गेले आणि तुमचा मुलगा माझ्या हातून हरवला म्हणून तिच्यापुढे रडले. मी तोवर शेजाऱ्यांकडे फोन करून आईला सगळं सांगितलं होतं. आईने त्यांना काही सांगितलं नाही. मला पकडतील अशी तिला भीती वाटली. तिने चहा केला आणि ते रडत असताना समोर बसून राहिली. हे तिनेच मला फोनवर सांगितलं, आणि मरेपर्यंत ती ते विसरली नाही.

खरं बाहेर आल्यावर पोलीस दोनदा सरांच्या घरी आले. शाळेत चौकशी लागली, मुख्याध्यापक व्हायचे होते ते राहिलं. आईबापांनी नाटकातून पोरं काढून घेतली. सरांनी पुन्हा नाटक बसवलं नाही. निवृत्त झाल्यावर पारनेरला जाऊन राहिले. मी चार पत्रं पाठवली. एकाचंही उत्तर नाही, आणि का यावं?

कागदपत्रं मार्गी लागून मला इकडे येता आलं तोवर आई गेली होती आणि जिल्ह्याचं नाव बदललं होतं. पाट्यांवर नवं नाव, कंडक्टर मात्र "नगर, नगर" ओरडत होता. मी पटकथेची प्रत घेऊन पारनेरला गेलो. काकूंनी दार उघडलं, मला बघितलं आणि आत जाऊन तांब्या-पेला घेऊन आल्या. सर खुर्चीत बसले होते, फार वाळले होते. मी वाकून पाया पडलो. ते म्हणाले, "या. बसा."

मला अहो-जाहो करत होते. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. एखादी शिवी हासडली असती तरी चाललं असतं. मी माफी मागायला तोंड उघडलं तर त्यांनी हात वर केला आणि विचारलं की काम काय आहे. मी प्रत पुढे केली. दोन तास ते वाचत बसले. काकूंनी मला आत बोलावून जेवायला वाढलं, आणि संडासाच्या दारांची गोष्ट मला तेव्हाच पहिल्यांदा कळली. त्या तक्रार करत नव्हत्या, नुसतं सांगत होत्या.

बाहेर आलो तर सर म्हणाले, बापाचं पात्र चांगलं उतरलंय, एक दिवस येईन. पण कामाचंच बोलायचं, दुसरं काही नाही. एवढ्या वर्षांत त्यांनी तोंडाला रंग लावला नव्हता. त्यांना काम करायचं होतं, साधी गोष्ट आहे. मी मात्र लगेच वेड्यासारखी आशा धरली.

शूटिंग तिसगावजवळच्या एका घरात होतं. सीन असा, मुलगा दारात उभा राहून म्हणतो, "मी आलोय, अण्णा." बाप त्याच्याकडे बघतो आणि म्हणतो, "आलास? बरं झालं. हातपाय धू, जेवायला बस." बस, एवढंच. मला जे ऐकायचं होतं ते मी दुसऱ्याच्या तोंडी लिहून ठेवलं होतं. मुलाचं काम पुण्याचा एक नट करत होता. दोघांचा एकत्र शॉट सकाळी झाला, मग सरांचा क्लोजअप लावला. क्लोजअपमध्ये समोरचा नट दिसत नाही. तो कॅमेऱ्याला खेटून उभा राहतो आणि आपलं वाक्य म्हणतो, म्हणजे ज्याचा चेहरा घ्यायचा त्याला बघायला खरं माणूस मिळतं. मी त्या नटाला म्हणालो, तू चहा घे जा. त्याच्या जागी मी उभा राहिलो.

सर माझ्याकडे बघू लागले. विमानतळानंतर पहिल्यांदाच सरळ माझ्याकडे. मी म्हणालो, "मी आलोय, अण्णा." त्यांचे डोळे भरून आले, पण पाणी खाली येऊ दिलं नाही. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "आलास? बरं झालं. हातपाय धू, जेवायला बस." लाइटवाला तोंड फिरवून उभा होता. मला "कट" म्हणायचं भान राहिलं नाही, असिस्टंटने म्हटलं.

तिथेच थांबायला हवं होतं. मी म्हणालो, फोकस गेला, परत एकदा. कॅमेरामन म्हणाला फोकस ठीक आहे, तर मी त्याच्यावर डाफरलो. दुसरा टेक घेतला. मग आवाजाचं कारण काढलं, मग बाहेरून टेम्पो गेल्याचं. टेम्पो गेलाच नव्हता. दर वेळी सर तसेच बघायचे, तसेच डोळे भरायचे आणि दर वेळी म्हणायचे, आलास, बरं झालं. थकले होते, कपाळाला घाम येत होता. मला दिसत होतं सगळं. तरी मी घेत राहिलो. हावरट झालो होतो, दुसरा शब्द नाही.

सातव्या टेकला माझ्या तोंडून निघून गेलं, "मी आलोय, सर."

त्यांच्या चेहऱ्यावरचा बाप एका क्षणात उतरला. आवाज न चढवता ते म्हणाले, "तुमचं वाक्य चुकलं. परत घ्यायचं का?"

मी नाही म्हणालो. ते उठले, आत जाऊन स्वतःचे कपडे घालून आले आणि पात्राचं धोतर घडी करून असिस्टंटच्या हातात दिलं. मी गाडीपर्यंत त्यांच्या मागे गेलो. गाडीचं दार धरून उभं राहत ते म्हणाले, "पहिलाच टेक चांगला होता. पुढचे सहा कशाला घेतले ते मला कळलं. पण मी जे बोललो ते सिनेमातल्या त्या पोराला. तो माझ्याशी कधी खोटं बोलला नाही." मग गाडीत बसले. ड्रायव्हरला पारनेरचा रस्ता त्यांनीच सांगितला.

सिनेमा आता पूर्ण झालाय. पहिलाच टेक लावलाय. ज्यांना ज्यांना दाखवला ते म्हणतात, बाप पोराला माफ करतो तो सीन काळजाला भिडतो, अगदी खरा वाटतो. मी हो म्हणतो आणि विषय बदलतो.